तहान लागण्याआधीची विहीर

आपल्या होस्टेलमध्ये 'बॅकअप' हा शब्द दोनदाच ऐकू येतो. एकदा प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री आणि एकदा कुणाचा तरी लॅपटॉप बंद पडल्यावर. दोन्ही वेळा उशीर झालेला असतो. पण सुट्टीत घरी गेलो की "तू इंजिनिअरिंगला ना, मग कॉम्प्युटर बघ जरा" हे काम आपल्याकडेच येतं. तेव्हा घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप नीट कसा आखायचा ते इथे लिहिते आहे. उदाहरण आमच्या आर्णीच्या घराचंच घेते.

आधी यादी करा

आमच्या कॉम्प्युटरवर बाबांच्या कृषी केंद्राचे टॅलीचे हिशेब आहेत, शेताच्या कागदांचे स्कॅन आहेत, वीस वर्षांचे फोटो आहेत आणि आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. सगळं मिळून १८० जीबी. यातला सातबारा पुन्हा काढता येईल. विंडोज पुन्हा टाकता येईल. पण आजी आता नाही, त्यामुळे त्या ओव्या पुन्हा रेकॉर्ड होणार नाहीत. म्हणून 'पुन्हा मिळेल' आणि 'पुन्हा मिळणार नाही' अशा दोन याद्या करा. दुसऱ्या यादीतल्या फाईलींची काळजी जास्त. त्या नेमक्या कुठल्या फोल्डरमध्ये आहेत तेही लिहून ठेवा. टॅलीचा डेटा 'डॉक्युमेंट्स'मध्येच असेल असं समजू नका, शोधून बघा.

संकटं चार प्रकारची

एक, हार्ड डिस्क मरते. ती फिरणारी यंत्र आहे, कधीतरी मरणारच. दोन, घरावरच संकट येतं : आग, चोरी, पाणी, वीज. आमच्याकडे पहिल्या पावसात वीज कडाडली की प्लग काढायला सगळे धावतात, ते उगाच नाही. तीन, आपलाच हात चुकतो आणि फाईल डिलीट होते. चार, व्हायरस शिरतो आणि सगळ्या फाईलींना कुलूप लावून पैसे मागतो.

गंमत अशी की एका संकटावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. त्याच कॉम्प्युटरमध्ये दुसरी डिस्क बसवली तर पहिलं संकट टळतं, पण चोर दोन्ही घेऊन जातो. फोटो इंटरनेटवर 'सिंक' केले तर चोरीची भीती नाही, पण इकडे डिलीट केलेलं तिकडेही डिलीट होतं. सिंक म्हणजे आरसा. समोरचा माणूस गेला की आरशातलाही गेला! म्हणून सिंकला बॅकअप म्हणायचं नाही.

इतिहास काय सांगतो

आपल्या विदर्भातलंच उदाहरण बघा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' लिहिलं. महानुभाव परंपरा सांगते की पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग अनुयायांनी आपापल्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यांचे उपकार मोठेच, पण आठवणीतून उभा केलेला ग्रंथ तंतोतंत कसा जुळणार? म्हणूनच 'लीळाचरित्रा'चे वेगवेगळे पाठ आहेत आणि अभ्यासक आजही ते ताडून बघतात.

दुसरं उदाहरण २१ जून २०१२ चं. मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरच्या मजल्यांपर्यंत पोचली. पाच जणांचा जीव गेला. कितीतरी फाईली जळाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत जिल्ह्याच्या कचेरीत असेल तो परत उभा करता येतो. जो एकाच कपाटात होता तो गेला.

तिसरं उदाहरण जून २०१७ चं. 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने मर्स्क ही जहाज कंपनी जगभर ठप्प केली. आपल्या न्हावाशेवा बंदरातलं त्यांचं टर्मिनलही अडकलं. कंपनीच्या नेटवर्कचा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता, ते सगळे एकमेकांच्या प्रती ठेवत होते. पण सगळे जोडलेले असल्याने सगळेच पुसले गेले. वाचला तो फक्त आफ्रिकेतल्या घानामधला एक. का? तर त्या वेळी तिथे लाईट गेली होती! भारनियमनाला शिव्या देणाऱ्या आपल्या लोकांना हे वाचून बरं वाटेल. पण मुद्दा असा की जी प्रत जोडलेली नाही, तीच अशा वेळी वाचते.

आता आर्णीचं वेळापत्रक

फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्यामुळे ३-२-१ हा नियम प्रसिद्ध झाला. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तो मी घरी असा बसवला आहे :

१. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना बाबा टॅलीचा बॅकअप पेन ड्राईव्हवर घेतात आणि पेन ड्राईव्ह गल्ल्यात ठेवतात. दोन मिनिटांचं काम.

२. दर रविवारी धाकटी बहीण एक टीबीची बाहेरची डिस्क जोडते. विंडोजमधली 'फाईल हिस्ट्री' बदललेल्या फाईलींची नवी प्रत घेते आणि जुनीही ठेवते. काम झालं की डिस्क काढून कपाटात. जोडून ठेवायची नाही.

३. अशीच दुसरी डिस्क माझ्याकडे होस्टेलमध्ये असते. घरी गेले की तिच्यावर ताजी प्रत घेते आणि दोघींची अदलाबदल करते. दोन्ही डिस्क एकाच वेळी कधीच जोडायच्या नाहीत. नेमकी तेव्हाच वीज कोसळली तर?

"इंटरनेटवर का नाही टाकत?" असं कुणी विचारेल. हिशेब करा. अपलोडचा वेग १० एमबीपीएस धरला तर १८० जीबीला न थांबता ४० तास लागतात. तेच १८० जीबी एसटीत माझ्या बॅगेतून काही तासांत येतात. ओव्या आणि स्कॅन मात्र छोटे आहेत, ते इंटरनेटवरही ठेवले आहेत.

डिस्क प्रवासात हरवू शकते, म्हणून तिला पासवर्ड आहे. तो पासवर्ड कागदावर लिहून आईच्या कपाटात आहे. तो फक्त कॉम्प्युटरमध्येच ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवण्यासारखं.

परीक्षा घ्या

सर्वात महत्त्वाचं शेवटी. परत आणून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न सोडवलेलं जर्नल. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि उन्हाळ्यात, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. एक जुना फोटो उघडा, टॅलीचा एक महिना परत आणा, एक ओवी शेवटपर्यंत ऐका. नाव दिसतंय म्हणजे फाईल आहे असं नाही. आणि ही तपासणी घरातल्या दुसऱ्या माणसाला करायला लावा. आपण इथे परीक्षेत आणि तिकडे डिस्क गेली, तर बाबांना फोनवर किती सांगणार?

होस्टेलवाल्यांसाठी हाच नियम उलटा चालतो. प्रोजेक्टची एक प्रत लॅपटॉपवर, एक डिस्कवर आणि एक घरच्या कॉम्प्युटरवर. येत्या सुट्टीत घरी जाताना फराळाच्या रिकाम्या डब्यांबरोबर एक डिस्कही न्या. पहिल्या दिवशी वेळ लागेल, नंतर रविवारची दहा-पंधरा मिनिटं. तहान लागायच्या आधी खणलेली विहीर ती हीच.