शाळेत असतानाच महाविद्यालयीन अभ्यास

आपल्यातील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल की, पूर्वी अकरावीअखेर मॅट्रिक होताच सोळा वर्षांचा मुलगा महाविद्यालयात दाखल होत असे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने दहा, दोन व तीन वर्षांची रचना सुचविली आणि मधली दोन वर्षे निराळी झाली. महाराष्ट्रात त्यांना कनिष्ठ महाविद्यालय म्हणतात; सुरतेत अकरावी-बारावी शाळेतच भरते. त्यामुळे धुळ्याचा मावसभाऊ कॉलेजात जातो आणि लिंबायत-उधन्यातील आपला मुलगा शाळेत, इयत्ता मात्र एकच! तेव्हा केवळ नावावरून पायरी ठरवू नये.

मग शाळेत असताना खरा महाविद्यालयीन अभ्यास करता येतो काय? येतो. आय.आय.टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली आरंभिलेला एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम आणि २०१७ पासूनचे 'स्वयम्' हे सरकारी व्यासपीठ यांवरील पाठ कोणालाही विनामूल्य ऐकता येतात. एन.पी.टी.ई.एल.ची परीक्षा ऐच्छिक असून तिला फी पडते; तीत २५ गुण स्वाध्यायाचे व ७५ गुण केंद्रावर जाऊन द्यावयाच्या परीक्षेचे असतात. मद्रास आय.आय.टी.च्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या बी.एस. अभ्यासक्रमाची पात्रता अकरावीची परीक्षा दिल्यावर मिळविता येते. प्रवेश मात्र बारावीनंतरच.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९९० च्या कायद्याने असा अभ्यास शाळा व महाविद्यालय दोन्हीकडे धरला जातो. आपल्याकडे तशी सरसकट सोय नाही. प्रमाणपत्र मिळाले म्हणून बोर्डाची परीक्षा टळत नाही, आणि पुढे त्याचे श्रेयांक धरावयाचे की नाही, हे त्या त्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असते.

तर मग लाभ कोणता? यंत्रमागावर पाळी करणाऱ्या पित्याच्या मुलालाही नामांकित प्राध्यापकाचा पाठ घरी ऐकता येतो, आणि आपली आवड खरी की ऐकीव, हे भरमसाट फी भरण्यापूर्वीच कळते. हा लाभ लहान नव्हे.

तथापि शेजाऱ्याच्या मुलाशी स्पर्धा म्हणून हे ओझे लादू नये. शाळेचा अभ्यास पक्का असेल, पुस्तक मिटल्यावरही प्रश्न उरत असतील, तर सुटीत एकच विषय घ्यावा. झोप व खेळ यांना कात्री लागू लागली की थांबावे; त्यात कमीपणा नाही. वेल मांडवावर चढवावी, ओढू नये. मुलाच्या जिज्ञासेला वाट करून देणे, एवढेच आपणा पालकांचे कर्तव्य आहे.