दोन गुरूंचा चोख हिशेब

दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंमध्ये सूर्य आणि चंद्र दोघेही आहेत. त्यांचा हिशेब किती चोख, ते पाहा.

१६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवारवरून पुरीकडे गेला. मी तेव्हा बी.कॉम.ला. आईने दारंखिडक्या लावून आम्हाला घरात बसवलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

तेच ग्रहण २२३ अमावास्यांनी, म्हणजे १८ वर्षे ११ दिवस व सुमारे ८ तासांनी पुन्हा येते. हे सॅरोस चक्र. वरच्या ८ तासांत पृथ्वी एक-तृतीयांश फिरते, म्हणून सावली दुसरीकडे पडते. १९९८ मध्ये ती कॅरिबियन बेटांवर पडली, २०१६ मध्ये इंडोनेशियात. पण तीन हप्ते झाले की आठ त्रिक चोवीस, पूर्ण दिवस! सावली पुन्हा आपल्या बाजूला, थोडी उत्तरेला. म्हणून २० मार्च २०३४ ला कारगिलकडे खग्रास, आपल्याकडे खंडग्रास.

तेव्हा मी पंचाहत्तरीला टेकलेला असेन. जप करीनच, पण नातवाबरोबर ग्रहणाचा चष्मा लावून अंगणातही उभा राहीन. नुसत्या डोळ्यांनी मात्र पाहू नये. आपल्या आयुष्याचा भरवसा नाही, गुरूंच्या हिशेबाचा आहे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥