कोमन्याचे वळू आणि बातमीतील तळमळ

योजनेचा अहवाल आणि त्याच योजनेची बातमी यांतील आकडे पुष्कळदा एकच असतात; तरीही अहवाल दप्तरात पडून राहतो आणि एखादी बातमी वर्षानुवर्षे लोकांच्या स्मरणात राहते. हे कसे घडते, ते पत्रकार पी. साईनाथ यांच्या लेखनावरून चांगले उमगते.

१९९३ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची अभ्यासवृत्ती मिळाल्यावर साईनाथ पाच राज्यांतील अतिशय गरीब जिल्ह्यांत हिंडले. पूर आला, भूकबळी गेला, की वार्ताहर धावतात. परंतु बारमाही अर्धपोटी जगणे ही ‘घटना’ नसल्यामुळे ते बातमीत बसत नाही, ही त्यांची खंत होती. त्यांची वृत्ते १९९६ मध्ये ग्रंथरूपाने आली. ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने हा ग्रंथ मराठीतही उपलब्ध आहे.

त्यातील ओडिशाच्या नुआपाडा जिल्ह्यातील कोमना येथील हकीकत प्रत्येक विकास अधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. गरीब कुटुंबांना गायी मिळाल्या. जर्सी वाणाच्या कृत्रिम रेतनाने दुधाची गंगा वाहावी, असा हेतू होता. चाऱ्यासाठी सुबाभूळ लावण्यात आली. (त्या काळी सुबाभळीचे कौतुक महाराष्ट्रातही काही कमी नव्हते.) संकर शुद्ध राहावा म्हणून परिसरातील गावठी वळूंचे सरसकट खच्चीकरण झाले. दोन वर्षे आणि सुमारे दोन कोटी रुपये खर्ची पडल्यावर हाती आली ती आठ संकरित वासरे. दूध वाढले नाही, सुबाभूळ नाहीशी झाली आणि खरियार जातीचा स्थानिक वळू त्या भागातून नामशेष झाला.

साईनाथ हे सांगताना कोठेही आक्रोश करीत नाहीत. आरंभ तरतुदीच्या रकमेपासून न करता ते एका लाभधारकाला मिळालेल्या गायीपासून करतात. वाचक प्रथम हसतो; मग दोन कोटी आणि आठ वासरे शेजारी शेजारी दिसताच थबकतो. येथे तळमळ आहे ती विशेषणांत नव्हे, तर वासरे मोजण्यासाठी गावापर्यंत जाण्यात. ‘हृदयद्रावक’, ‘भीषण’ असे शब्द कचेरीत बसूनही लिहिता येतात.

अर्थात गोष्टीत धोकाही आहे. एका रडणाऱ्या चेहऱ्यावरून साऱ्या तालुक्याची स्थिती ठरविली, तर ती बातमी परिणामकारक होईल, पण खरी असेलच असे नाही. म्हणून निवडलेले माणूस अपवाद आहे की प्रातिनिधिक, हे नोंदवहीशी ताडून पाहावे लागते. संबंधित अधिकाऱ्याचे म्हणणेही ऐकावे लागते. कोमन्याची गोष्ट टिकली ती त्यामागील हिशेब पक्का असल्यामुळे.

गावातील शिक्षक किंवा पंचायत सदस्य स्थानिक पत्राला मजकूर पाठवितात तेव्हा ‘नळयोजना बंद असल्याने ग्रामस्थांचे हाल’ एवढ्यावर बहुधा थांबतात. पंप कोणत्या तारखेस बिघडला, दुरुस्तीचा अर्ज कोणाच्या मेजावर आहे, विहीर किती अंतरावर आहे आणि पाणी आणण्यासाठी कोणत्या इयत्तेतील मुली शाळा बुडवितात, हे त्यांना ठाऊक असते. मजकुरात मात्र तेवढेच गळलेले असते.