लोखंडी इमारत आणि आपला डोंगर

कात्रजच्या घाटाकडे जाताना मोठमोठी गोदामे दिसतात. लोखंडी खांब, लोखंडी तुळया आणि वर पत्रा. हे भाग कारखान्यात मापाने तयार होतात. ट्रकमधून येतात. जागेवर बोल्टने जोडले, की झाली इमारत उभी!

यात फायदा कोणाचा? आपल्या मातीचा, नदीचा आणि डोंगराचा. वाळू नदीतून उपसतात. खडीसाठी डोंगर फोडतात. चांगली माती भाजून विटा करतात. लोखंडी इमारतीला हे सारे थोडेच लागते. मुख्यतः पायाला आणि फरशीखाली. बांधकामाला पाणीही कमी पुरते.

विटांची भिंत पाडली, की राडारोडा होतो. पुष्कळदा तो ओढ्यात जाऊन पडतो. लोखंडी इमारत नको झाली, तर बोल्ट काढून दुसरीकडे उभी करता येते. मोडके लोखंड वितळवून पुन्हा कामी येते.

पण दुसरी बाजूही पाहू. लोखंड तयार करताना खूप कोळसा जळतो, धूर होतो. म्हणून ते गरजेपुरतेच वापरावे.

आणि इमारत कसलीही असो, तिच्यासाठी डोंगर कापला तर सगळा फायदा वाया गेला. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला काय झाले? डोंगर कापलेला होता. पावसाचे पाणी वाट सोडून रस्त्यावर आले. त्यात मायलेकी वाहून गेल्या.

आम्ही शाळेत मुलांना सांगत असू, तेच तुम्हांला सांगतो. घर बांधा, गोदाम बांधा; पण पाण्याची वाट मोकळी ठेवा.

प्रश्न : तुमच्या गावचा ओढा कोठून वाहतो? त्याच्या वाटेत काय बांधले आहे?