ठेंगणे कपाट

शाळेला निघण्याच्या वेळी कंपासपेटी सापडत नाही, एक मोजा गादीखाली मिळतो तर दुसऱ्याचा पत्ताच नसतो, आणि मग साऱ्या घराची धावपळ उडते, हा अनुभव पुष्कळ घरांतून रोजचाच आहे. वडीलमाणसे रागावतात, मुले त्या दिवसापुरती आवराआवर करतात, आठ दिवसांत खोली पुन्हा पहिल्यासारखी होते. मुलांना पसाराच आवडतो, असा यावरून अनेकांचा समज झालेला आहे. तो कितपत खरा आहे, हे रोम शहरातील एका खोलीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिसून आले.

रोममध्ये सान लोरेन्झो नावाचा भाग आहे. तेथे त्या काळी गरीब, कष्टकरी लोकांची दाट वस्ती होती. तेथील काही मोठ्या चाळी एका बांधकाम संस्थेने दुरुस्त करून घेतल्या. आईबाप दिवसभर कामावर जात, आणि मागे राहिलेली लहान मुले जिन्यांतून हुंदडत व भिंती खराब करीत. हे नुकसान टळावे म्हणून मालकांनी मुलांकरिता एक खोली दिली आणि तिची व्यवस्था डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे सोपविली. ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे बालशाळा सुरू झाली. पुढे जगभर गाजलेली ही शाळा भिंती मळू नयेत एवढ्यासाठी जन्मास आली, ही मोठी मौजेची गोष्ट आहे!

प्रथम तेथील सर्व साहित्य एका उंच कपाटात ठेवलेले असे. बाईंनी ते मुलांना वाटावे, मुलांनी वापरावे, आणि बाईंनीच ते परत आत ठेवावे, असा क्रम होता. परंतु बाई साहित्य ठेवू लागल्या की मुले त्यांच्या मागोमाग येऊन भोवती गोळा होत. ‘जागेवर बसा’ असे सांगितले तरी ती पुन्हा येत. बाईंना हा आज्ञाभंग वाटला. माँटेसरीबाई मात्र नुसत्या पाहत राहिल्या. वस्तू आपल्या हातांनी जागच्या जागी ठेवावी अशी मुलांची इच्छा आहे, हे त्यांनी ओळखले आणि तशी मोकळीक दिली.

पुढे एके दिवशी कपाटास कुलूप घालावयाचे राहून गेले, आणि नेमक्या त्याच दिवशी बाईंना यावयास उशीर झाला. येऊन पाहतात तो कपाट उघडे, आणि मुले आपल्याला हव्या त्या वस्तू काढून नेत आहेत! बाईंना ही चोरीच वाटली. माँटेसरीबाईंनी निराळा अर्थ लावला. कोणती वस्तू कोठे असते हे मुलांना आता नीट ठाऊक झाले आहे. मग आपल्या कामाची वस्तू त्यांनी स्वतःच का निवडू नये? उंच कपाटाच्या जागी ठेंगणी कपाटे आली. त्यांच्या फळ्यांना मुलांचा हात सहज पोहोचे. खुर्च्याही हलक्या करविल्या. धक्का लागला की अशी खुर्ची धाडकन पडे, आणि जपून कसे चालावे हे मुलास कोणी न बोलताच समजे.

माँटेसरीबाईंच्या पद्धतीत आणखी एक बारकावा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक प्रकारचे साहित्य वर्गात एकच असते. दुसऱ्याला ते हवे असेल, तर पहिल्याने जागेवर ठेवीपर्यंत त्याला थांबावे लागते. वस्तू परत ठेवणे म्हणजे नुसती शोभा नव्हे. आपल्यामागून येणाऱ्याची ती सोय आहे.

इ. स. १९३९ मध्ये माँटेसरीबाई हिंदुस्थानात आल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी, आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ यांनी, इ. स. १९४५ पासून बोर्डी या समुद्रकाठच्या गावी खेड्यातील बालशिक्षणाचे काम उभारले. महागडे साहित्य तेथे परवडण्यासारखे नव्हते. शंखशिंपले, बिया, खडे हेच त्यांचे साहित्य झाले. तेव्हा नीटनेटकेपणास पैसा लागतो असे कोणी म्हणू नये.

आपल्यापैकी सर्वांनाच झोपण्यास निराळी खोली असते असे नाही. कित्येक घरांत रात्री जेथे अंथरुणे पडतात तेथेच दिवसा अभ्यास चालतो, आणि पाहुणा आला तर तीच बैठकीची खोली होते. सकाळी वळकट्या बांधून कोपऱ्यात रचल्यावाचून अशा घरात पाय ठेवावयासही जागा होत नाही. पण त्या बांधतो कोण? बहुधा आई, नाहीतर बहीण. भाऊ पांघरूण पायाने बाजूला सारून निघून जातो! मुलगा म्हणून त्याला ही सवलत कोणी दिली, हे मला आजवर उमगलेले नाही.

मुलांनो, तुम्ही आता रोममधल्या त्या चिमुकल्यांएवढे नाही. तुमचा हात पुष्कळ उंचावर पोहोचतो. तेव्हा कपाट उंच आहे ही सबब तुम्हांला राहिलेली नाही. कात्री कोठे, शाईची बाटली कोठे, दप्तर कोणत्या खुंटीला, हे घरातील सर्वांनी एकत्र बसून एकदा ठरवावे. एकाने ठरविलेली जागा दुसऱ्याच्या ध्यानात राहत नाही. धाकट्या भावंडांचाही विचार त्यात करावा. त्यांचा सदरा टांगण्याची खुंटी त्यांच्या हाताला लागते काय, ते आज घरी गेल्यावर पाहा. लागत नसेल, तर तिच्याखाली हातभर अंतरावर आणखी एक खुंटी बसविण्याची वडिलांकडे परवानगी मागा.