आठ कलांचा फरक
(सूर्य व ग्रहांची गती यांविषयी एक पाठ)

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आज शाळेत जाणारे लहान मूलही सांगते. पण "कशावरून?" असे विचारले की ते गप्प बसते, आणि आपण मोठी माणसेही बहुधा गप्पच बसतो. शब्बाथ शाळेच्या वर्गात मुले सृष्टीविषयी प्रश्न विचारतात, तेव्हा शिक्षकाला निदान एका प्रश्नाचे उत्तर मुळापासून ठाऊक असावे, या हेतूने हा पाठ दिला आहे. ग्रह कसे फिरतात हे योहान्नेस केप्लर या जर्मन गणितज्ञाने शोधून काढले. एका अगदी लहान फरकाकडे त्याने डोळेझाक केली नाही, म्हणून त्याला ते सापडले.

सूर्य आणि त्याचे कुटुंब

सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे १०९ पट आहे. आपल्यापासून तो सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटर दूर आहे. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. मुलांना हे आकडे कळणार नाहीत. त्यांना असे सांगावे. पृथ्वी मिरीच्या ५ मिलिमीटर दाण्याएवढी धरली, तर सूर्य ५४ सेंटिमीटर व्यासाच्या मोठ्या परातीएवढा होईल, आणि परात व मिरी यांमध्ये सुमारे ५९ मीटर अंतर ठेवावे लागेल. मंदिराच्या आवारात हे पावलांनी मोजून दाखवता येईल. सूर्यमालेतील एकूण वस्तुमानापैकी ९९ टक्क्यांहून अधिक एकट्या सूर्यात आहे. म्हणूनच सारे ग्रह त्याच्याभोवती फिरतात.

मंगळाचे कोडे

ग्रह ताऱ्यांमधून हळूहळू पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना दिसतात. पण मंगळ सुमारे २६ महिन्यांतून एकदा थबकतो, दोन-अडीच महिने उलट चालतो, आणि पुन्हा सरळ मार्गाला लागतो. यालाच आपल्याकडे मंगळ "वक्री" झाला असे म्हणतात, आणि पुष्कळ घरांत त्याची भीतीही बाळगली जाते.

१५४३ साली कोपर्निकसने आपल्या ग्रंथात याचे सोपे कारण दिले. पृथ्वीही ग्रहच आहे व ती सूर्याभोवती फिरते. आपली गाडी शेजारच्या रुळांवरील सावकाश जाणाऱ्या गाडीला मागे टाकते, तेव्हा ती गाडी उलट जात आहे असे वाटते. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते आणि मंगळ २४. पृथ्वी मंगळाला मागे टाकते तेव्हा तो वक्री दिसतो. प्रत्यक्षात तो मागे वळत नाही. मग त्याच्या वक्री होण्याचे भय कशाला?

परंतु कोपर्निकसनेही एक जुनी समजूत सोडली नाही. आकाशातील गती परिपूर्ण, म्हणून ती वर्तुळाचीच असली पाहिजे, असे तोही मानी. त्यामुळे त्याच्या गणिताने सांगितलेल्या जागी मंगळ नेमका सापडेना.

केप्लर आणि टायको

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी झाला. लहानपणी देवी आल्यामुळे त्याची दृष्टी अधू झाली होती. ट्युबिंगेन येथे तो पाळक होण्यासाठी ईश्वरविज्ञान शिकत होता. पण १५९४ साली ग्रात्स शहरात गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि त्याला तेथे पाठवण्यात आले.

त्याच काळी टायको ब्राहे या डॅनिश सरदाराने वीस वर्षांहून अधिक काळ ग्रहांचे वेध घेऊन ठेवले होते. दुर्बीण तेव्हा नव्हती. मोठमोठी धातूची व लाकडी यंत्रे आणि नुसते डोळे एवढ्यावर त्याने काम केले. तरी त्याची मापे एक-दोन कलांपर्यंत बरोबर असत. १६०० साली केप्लर प्राग येथे त्याच्याकडे गेला आणि मंगळाचे काम त्याच्या वाट्यास आले. पुढच्याच वर्षी टायको मरण पावला व त्याच्या नोंदी केप्लरच्या हाती आल्या.

वर्तुळ धरून केप्लरने मंगळाची कक्षा पुनःपुन्हा मांडली. शेवटी उत्तर जवळजवळ जमले. टायकोच्या नोंदीशी फरक राहिला तो फक्त आठ कलांचा. एका अंशाच्या साठ कला होतात, आणि पौर्णिमेचा चंद्र आपल्याला सुमारे तीस कलांएवढा दिसतो. म्हणजे हा फरक चंद्राच्या पाव भागाएवढाच होता. "वेध घेताना टायकोची चूक झाली असेल" असे म्हणून केप्लर मोकळा झाला असता, तर त्याला कोण बोलणार होते? पण टायको एवढी चूक करणार नाही हे त्याला ठाऊक होते. त्याने नोंद खरी मानली, आपले गणित खोटे ठरवले, आणि सर्वांना प्रिय असलेले वर्तुळ सोडून दिले. आणखी काही वर्षांच्या कष्टानंतर, १६०९ साली, त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तीन नियम

पहिला नियम : ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते व सूर्य तिच्या एका नाभीवर असतो. वर्गात हे करून दाखवावे. पुठ्ठ्यावर दोन टाचण्या १० सेंटिमीटर अंतरावर टोचा, त्यांभोवती सुमारे ३० सेंटिमीटरचा दोऱ्याचा फास टाका, आणि पेन्सिलीने दोरा ताणून रेघ ओढा. जो आकार येईल ते लंबवर्तुळ. एका टाचणीच्या जागी सूर्य. दुसरी जागा रिकामी. मात्र मुलांना हेही सांगावे की खऱ्या कक्षा इतक्या चपट्या नसतात. मंगळाची कक्षा २० सेंटिमीटर लांब काढली, तर तिची रुंदी एक मिलिमीटरदेखील कमी भरणार नाही. सूर्य मात्र मध्यापासून ९ मिलिमीटर बाजूला येईल. एवढ्याशा फरकातून केप्लरने सत्य शोधले!

दुसरा नियम : ग्रह सूर्याच्या जवळ असताना वेगाने चालतो, दूर असताना सावकाश. याचा पुरावा आपल्या भिंतीवरील कॅलेंडरमध्ये आहे. २१ मार्च ते २३ सप्टेंबर हे दिवस मोजा : १८६ भरतील. २३ सप्टेंबर ते २१ मार्च मोजा : १७९ च. दोन्ही वेळा पृथ्वी सूर्याभोवती अर्धी फेरी करते. पण जानेवारीच्या आरंभी ती सूर्याला सर्वांत जवळ असते, म्हणून हिवाळ्यातली अर्धी फेरी लवकर उरकते. यावरून हेही कळेल की थंडी पडते ती सूर्य दूर गेल्यामुळे नव्हे, तर पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे.

तिसरा नियम (१६१९) : ग्रह जितका दूर, तितके त्याचे वर्ष मोठे, आणि तेही ठरलेल्या प्रमाणात. अंतराचा घन हा वर्षाच्या वर्गाएवढा असतो. गुरू पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे. ५.२ चा घन सुमारे १४०.६, आणि गुरूचे वर्ष ११.८६ वर्षांचे, त्याचा वर्गही जवळजवळ तेवढाच. वरच्या वर्गातील मुलांनी हे गणित करून पाहावे. पुढे १६८७ साली न्यूटनने दाखवले की या तिन्ही नियमांच्या मुळाशी गुरुत्वाकर्षण आहे.

यहोशवाचा प्रश्न

"पृथ्वी फिरते, तर मग यहोशवाच्या दहाव्या अध्यायात सूर्य थांबला असे का म्हटले आहे?" हा प्रश्न केप्लरच्या काळीही विचारला जात होता, आणि १६०९ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने त्याला उत्तर दिले आहे. पवित्र शास्त्र माणसांशी माणसांच्या रोजच्या बोलीत बोलते. ज्योतिषशास्त्र शिकवणे हा त्याचा हेतू नाही, असे त्याचे म्हणणे. आपणही "सूर्य उगवला" असेच म्हणतो. त्यात कोणी खोटे बोलत नाही.

जो प्रामाणिकपणा त्याने गणितात दाखवला तोच आयुष्यातही. १६०० साली रोमन कॅथलिक पंथ स्वीकारण्यास नकार दिल्यामुळे त्याला ग्रात्स सोडावे लागले. पुढे १६१२ साली लिंझ येथे त्याच्या स्वतःच्याच लूथरन मंडळीतील मतपत्रिका त्याने बिनशर्त मान्य केली नाही, म्हणून पाळकाने त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले. तो मंडळी सोडून गेला नाही. आणि मनाला न पटलेल्या मजकुराखाली त्याने सहीही केली नाही.

आपल्या समजुतीत न बसणारी लहानशी गोष्ट पुढे आली की ती दडपून टाकावीशी वाटते. हिशेबात, वादात, मुलांना उत्तरे देताना हा मोह सर्वांनाच होतो. अशा वेळी त्या आठ कलांची आठवण ठेवावी.

वर्गासाठी प्रश्न

१. मंगळ वक्री का दिसतो? गाडीच्या उदाहरणाने समजावून सांगा.
२. केप्लरने टायकोची नोंद खरी का मानली?
३. एखादा ग्रह पृथ्वीच्या चौपट दूर असता, तर त्याचे वर्ष किती मोठे असते? (उत्तर : आठ वर्षे.)
४. १९ फेब्रुवारी २०२७ रोजी मंगळ सूर्याच्या बरोबर समोर येतो. त्याच्या आधीचे व नंतरचे काही आठवडे, दर आठवड्याला एकदा, जवळच्या ताऱ्यांच्या संदर्भाने मंगळाची जागा वहीत टिपा. तो उलट चालताना तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.