फोन पत्ता मागतो तेव्हा

पोरी, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या कंपन्यांचे फोन आता तुझ्याकडे आलेत, तर सगळ्यात जास्त बोलावणं कशासाठी येणार ते आधीच सांगतो. टेबलावरचा फोन उजळलेला असतो, पडद्यावर ‘ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस’ असं लिहिलेलं असतं आणि तो पुढे हलत नाही. साहेब म्हणतात, फोन बाद झाला, नवीन मागवा. फोन क्वचितच बाद झालेला असतो. तूही घाईनं फॅक्टरी रिसेट मारू नकोस. त्यानं व्हीलॅनचा, म्हणजे फोनसाठी वेगळ्या काढलेल्या जाळ्याचा क्रमांक, सर्व्हरचा पत्ता, कुणीतरी हातानं भरलेलं सगळं पुसलं जातं. बिघाड बाहेर असेल तर तो तसाच राहतो आणि शोधायचा मागही मिटतो.

आमच्या वेळी एक्स्चेंजमधून तांब्याच्या जोडीवर 48 व्होल्ट यायचे. रिसीव्हर उचलला आणि टोन आला की जोडी चांगली. या फोनाला तसा टोन नाही, त्याला आधी पत्ता लागतो. सुरू झाल्यावर त्याला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो आणि कुणाकडे मागायचा तेही माहीत नसतं, म्हणून तो सगळ्यांना उद्देशून हाक मारतो. सर्व्हर ती ऐकून एक पत्ता देऊ करतो, फोन तोच पत्ता रीतसर मागतो आणि सर्व्हर होकार देतो. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक. डीएचसीपीची ही रीत 1993 साली ठरली आणि 1997 मध्ये तिला आजचं रूप आलं. हे चार निरोप तोंडपाठ कर, कारण तुला शोधायचं असतं ते एवढंच, की यातला कोणता निरोप अडकला.

त्यासाठी सर्व्हरचा लॉग उघड आणि फोनच्या पाठीवर छापलेला मॅक पत्ता त्यात शोध. तिथं त्याचं नावच नसेल तर हाक पोचलेली नाही, मधली वाट तपास. पुन्हा पुन्हा ऑफर दिसते आणि रिक्वेस्ट येत नाही, तर परतीची वाट बंद आहे. पत्ते संपल्याची नोंद असेल तर सगळं तिथंच कळलं.

लॉग उघडण्याआधी मात्र दोन प्रश्न विचारायचे. एकच फोन बंद आहे, की त्या मजल्यावरचे सगळे, की सगळ्या ऑफिसातले? आणि कालपासून काय बदललं? दुसरा प्रश्न साहेबांना विचारू नकोस, शिपाईमामांना विचार. टेबल कुणी हलवलं, वायरमन कधी आला, पाहुण्यांसाठी वाय-फायचा डबा कुणी लावला, हे त्यांना नक्की माहीत असतं.

एकच फोन बंद असेल तर वायरीपासून सुरू कर. इथं नवी माणसं हमखास फसतात: पडदा उजळलाय म्हणजे केबल चांगली, असं धरून चालतात. वीज आणि बोलणं एकाच केबलमधून येतं खरं, पण 100 मेगाबिटच्या जोडणीत निरोप 1, 2, 3, 6 या तारांवरून जातात आणि काही स्विच किंवा इंजेक्टर वीज 4, 5, 7, 8 वरून पाठवतात. निरोपाच्या चारांतली एक तार निसटली तरी फोन छान उजळतो, हाक मात्र बाहेर पडत नाही. म्हणून टेस्टर लावून आठही तारा बघ. बंद फोन शेजारच्या चालू जागेवर लाव आणि तिथला चालू फोन इथं आण. बिघाड फोनबरोबर गेला की जागेवरच राहिला, ते दोन मिनिटांत कळतं.

आपल्या भागाच्या म्हणून काही गोष्टी आहेत. फाउंड्रीच्या ऑफिसात लोखंडाची काळी धूळ भिंतीच्या सॉकेटमध्ये बसते, रिकाम्या सॉकेटांना झाकणं लावून घे. भट्टीच्या जाड केबलला चिकटवून नेटवर्कची केबल कुणी नेली असेल तर स्विचच्या त्या पोर्टवर सीआरसी एररचा आकडा चढत जातो. तो आकडा बघायची सवय लाव. शेडमधून गेटपर्यंत नेलेली केबल 100 मीटरच्या पुढे गेलेली असते, हेही आपल्याकडे नेहमीचं. आणि शाहूपुरीतल्या तळमजल्याच्या ऑफिसांत 2019 किंवा 2021 च्या पुराचं पाणी शिरलेलं असेल, तर सॉकेटच्या आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्यात का ते बघ. वरून पुसलेलं सॉकेट दिसायला ठीक असतं आणि ओल वाढली की दगा देतं.

आता सगळ्यात फसवा बिघाड. तू फोनची केबल काढून लॅपटॉपला लावशील, लॅपटॉपला लगेच पत्ता मिळेल आणि तू म्हणशील, जाळं ठीक आहे, फोनच खराब. तसं समजू नकोस गं. बहुतेक ठिकाणी फोन आणि संगणक एकाच केबलवर असले तरी वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये असतात. लॅपटॉपला संगणकांच्या व्हीलॅनमधून पत्ता मिळाला. त्यावरून फोनच्या व्हीलॅनबद्दल काहीच सिद्ध होत नाही. स्विच त्या पोर्टवर व्हॉइस व्हीलॅन सांगतो का, फोन ते एलएलडीपीवरून ऐकतो का, आणि दोन स्विचमधल्या ट्रंकवर तो व्हीलॅन सोडलाय का, हे तीन ठिकाणी बघ. नवा स्विच बसवणारा माणूस ट्रंकवर हा व्हीलॅन घालायला विसरतो, आणि त्या मजल्यावर संगणक सगळे चालू, फोन सगळे बंद, असं चित्र दिसतं. ते दिसलं की फोनना हात न लावता थेट ट्रंककडे जा.

साखर कारखान्यांत आणखी एक गोष्ट आढळते. फोन कारखान्यावर असतात आणि पत्ते देणारा सर्व्हर शहरातल्या ऑफिसात. पत्ता मागणारी हाक राउटर ओलांडत नाही. राउटरवर हेल्पर ॲड्रेस लिहिला असेल तरच ती पुढे पोचवली जाते. हंगाम सुरू होताना शेती विभागासाठी नवा व्हीलॅन काढतात आणि ही एक ओळ राहून जाते. गाळपाच्या दिवसांत त्या फोनवर तोडीसाठी, काट्यासाठी शेतकरी बोलत असतो, तेव्हा हे काम उद्यावर टाकू नकोस.

वीज जाऊन आल्यावर सगळेच फोन अडकले असतील तर आधी घड्याळाकडे बघ. फोन पटकन उठतो, राउटर आणि सर्व्हरला वेळ लागतो. उत्तर आलं नाही की फोन साधारण 4 सेकंदांनी पुन्हा विचारतो, मग 8, मग 16, असं थांबणं 64 पर्यंत वाढत जातं. त्यातून स्विचवर स्पॅनिंग ट्रीची जुनी पद्धत असेल तर प्रत्येक पोर्ट उघडायला 30 सेकंद घेतो. फोनच्या पोर्टवर पोर्टफास्ट चालू कर, पण स्विच जोडलेल्या पोर्टवर कधीही नको. दोन-तीन मिनिटं थांबूनही फोन उठला नाही तर त्याच्या पोर्टची वीज स्विचवरून बंद करून पुन्हा दे. नाहीतर चाळीस टेबलांखाली वाकत बसशील.

उलट फोन एकेक करून जात असतील, सकाळी दोन, दुपारी चार, तर बिघाड आजचा नाही. पत्ता ठराविक मुदतीसाठी मिळतो. मुदत अर्धी सरली की फोन ती वाढवून मागतो, आणि उत्तर आलं नाही तरी मुदत संपेपर्यंत बोलत राहतो. विंडोज सर्व्हरवर ही मुदत मुळात 8 दिवसांची असते. सर्व्हर गेल्या आठवड्यात बंद पडला आणि फोन आज पडू लागले, असं घडतं.

पत्ता मिळालाय पण फोनची नोंद होत नाही, तर मिळालेला पत्ता वाचून बघ. 169.254 नं सुरू होत असेल तर तो कुणी दिलेला नाही, फोननं स्वतःच घेतलाय. 192.168.0 किंवा 192.168.1 दिसला आणि त्या ऑफिसात ती मालिका नसेल, तर कुणीतरी घरातला वाय-फाय राउटर आणून भिंतीत खोचलाय आणि तो पत्ते वाटत सुटलाय. चुकीच्या पत्त्याच्या नोंदीत सर्व्हरचा पत्ताही दिसतो, त्यावरून मॅक काढ, स्विचच्या तक्त्यात तो मॅक कोणत्या पोर्टवर आहे ते बघ, केबल धरून त्या टेबलापर्यंत जा. राउटर आणणाऱ्याला चारचौघांत बोलू नकोस, त्याला फक्त नेट हवं होतं. नंतर डीएचसीपी स्नूपिंग लाव, आणि खऱ्या सर्व्हरकडे जाणारा पोर्ट विश्वासाचा म्हणून नोंदवायला विसरू नकोस, नाहीतर खरे पत्तेही अडतील.

पत्ते संपलेत असं दिसलं तर फोनच्या मालिकेत मोबाईल शिरलेत का ते बघ. 255.255.255.0 या मास्कच्या मालिकेत वापरता येणारे पत्ते 254 असतात. आजकालचे मोबाईल खरा मॅक लपवून वेगळाच मॅक दाखवतात. काही मोबाईल तो बदलतही राहतात, म्हणून एकच माणूस दोन-तीन पत्ते अडवून बसू शकतो.

फोनच्या मागे दोन भोकं असतात, एक जाळ्याचं, एक संगणकाचं. झाडलोट करताना केबल उलट्या बसतात. दोन्ही भिंतीत खोचल्या तर फेरा तयार होतो आणि सगळा मजला बसू शकतो. टेबलाखाली आधी हे बघ.

काहीच उमगत नसेल तर वाटपाच्या मालिकेबाहेरचा एक पत्ता फोनला हातानं दे आणि गेटवे उत्तर देतो का ते बघ. देत असेल तर वाट चांगली, पत्ता देणाऱ्यात खोट. तपासून झालं की तो हाताचा पत्ता काढून टाक, आणि बाहेरून एक कॉल त्या फोनवर लावून पलीकडच्या माणसाशी दोन वाक्यं बोल. एका बाजूचाच आवाज येतोय का, ते तेव्हाच कळतं.

पोर्टवर पट्टी चिकटव, आणि स्विचच्या सेटिंगची प्रत आणि फोनांच्या मॅकची यादी कागदावर छापून कपाटात ठेव. पुराचंही ध्यानात ठेव: नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. तळमजल्यावरचा स्विच आणि पत्ते देणारा सर्व्हर मे महिन्यातच वरच्या मजल्यावर हलव.